डब्याले कोन नेईन?

लॅपटॉप घ्यावा की डेस्कटॉप, या प्रश्नाचं उत्तर यूट्यूबवरचा प्रत्येक माणूस एका वाक्यात देतो. फिरतीवर असाल तर लॅपटॉप, एका जागी बसणार असाल तर डेस्कटॉप. ऐकायला सोपं आहे. अडचण एवढीच की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात 'हा एका जागी बसणार' असं कोणत्याच तरुण माणसाबद्दल कोणी धरून चालत नाही. मुलगा असेल तर तो बारावीनंतर अमरावतीला, मग नागपूरला आणि शेवटी पुण्याला जाणार. मुलगी असेल तर ती सासरी जाणार. पंचविशीपर्यंतचं प्रत्येक माणूस इथे अर्धी भरलेली बॅग घेऊन बसल्यासारखं असतं. त्याला कोणी डेस्कटॉप घेऊन देत नाही.

मी दिग्रस तालुक्यातल्या एका गावात राहते, लग्नाचे व्हिडिओ एडिट करते आणि गेम खेळते. पहिली गोष्ट सांगितली की लोक मान डोलावतात. दुसरी सांगितली की पहिलीबद्दलही शंका घ्यायला लागतात. जानेवारी २०२५ मध्ये मी स्वतःचं मशीन घेतलं. त्याआधीचे चार महिने वाचण्यात, विचारण्यात आणि घरच्यांशी वाद घालण्यात गेले. त्या काळात एक लक्षात आलं. सगळे सल्ले एसीच्या खोलीत बसून दिलेले असतात. ४५ अंशांत, वीज जाता-येता आणि घरात कापूस साठवलेला असताना काय घ्यावं, हे कोणी सांगत नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

*

आधी पैशाचं. माझं बजेट ७५ हजार होतं आणि हा आकडा मी शेताच्या भाषेत पाठ केला होता. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७५२१ रुपये होता. म्हणजे माझं मशीन बरोबर दहा क्विंटल कापसाचं. आमच्या कोरडवाहू रानात एकरी पाच क्विंटल आला तर बाबा वर्ष बरं गेलं म्हणतात. चाळीस हजार मी साठवले होते. पस्तीस बाबा देणार होते. बियाणं, फवारणी आणि वेचणीचा खर्च बाजूला ठेवला तरी ते साधारण एका एकराचं पीक झालं.

तोवर मी तीन वर्षं एका स्टुडिओत, मालकाच्या मशीनवर, महिन्याच्या पगारावर काम करत होते. स्वतःचं मशीन असतं तर तेच काम लग्नामागे पैसे घेऊन घरून करता आलं असतं. दोन-तीन फोटोग्राफर तयारही होते. त्यामुळे गेम हा हट्ट होता असं कोणी म्हणालं तर म्हणो, पण मशीन ही गरज होती. आणि खरं सांगायचं तर मला दोन्ही हवं होतं. ज्या ग्राफिक्स कार्डावर चांगला गेम चालतो, त्याच कार्डावर चांगलं एडिटिंग चालतं. बैल औताला जुंपला तरी आणि शंकरपटात पळवला तरी बैल एकच असतो.

*

तुलना करायला बसल्यावर पहिलं कोडं नावांचं निघालं.

आरटीएक्स ३०६० हे कार्ड घ्या. २०२१ मध्ये ते लॅपटॉपसाठीही आलं आणि डेस्कटॉपसाठीही. नाव एकच. डेस्कटॉपवाल्याला १७० वॉटपर्यंत वीज मिळते आणि त्याच्यावर १२ जीबी मेमरी असते. लॅपटॉपवाल्याला, लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवेल तसे, ६० ते ११५ वॉट मिळतात आणि मेमरी ६ जीबी असते. गंमत म्हणजे आकडेमोड करणारे बारीक भाग, ज्यांना कोअर म्हणतात, ते लॅपटॉपवाल्यात जास्त आहेत. डेस्कटॉपमध्ये ३५८४ आणि लॅपटॉपमध्ये ३८४०. पण बैल जास्त जुंपले आणि वैरण अर्धीच टाकली तर नांगर किती चालणार?

पुढच्या पिढीतही हेच. आरटीएक्स ४०७० डेस्कटॉपवर १२ जीबीचं, लॅपटॉपमध्ये ८ जीबीचं. ४०९० डेस्कटॉपवर २४, लॅपटॉपमध्ये १६. म्हणून लॅपटॉप बघताना कार्डाच्या नावाआधी ते किती वॉटवर चालतं ते विचारायचं. त्याला टीजीपी म्हणतात. तोच कार्डनंबर एका पातळ लॅपटॉपमध्ये ६० वॉटवर आणि दुसऱ्या जाड लॅपटॉपमध्ये ११५ वॉटवर असू शकतो, आणि खोक्यावर हे ठळक लिहिलेलं नसतं.

गेमसाठी ६ जीबी बराच काळ पुरतात. व्हॅलोरंट तर त्याहून कितीतरी कमी कार्डावर पळतो. माझ्या कामाला मात्र पुरत नाहीत. डाविंची रिझॉल्व्हमध्ये फोरके व्हिडिओवर रंग बसवताना, आवाज-गोंगाट काढताना, कार्डाची मेमरी भरली की ते सरळ तसा निरोप देऊन थांबतं. नवरदेव घोड्यावर चढतोय आणि स्क्रीनवर लाल अक्षरं. स्टुडिओतल्या जुन्या कार्डावर हा निरोप मी रोज वाचत होते.

७५ हजारांत तेव्हा जे लॅपटॉप मिळत होते त्यांत बहुतेक ६ जीबीचं ४०५० होतं. तेवढ्याच पैशांत डेस्कटॉपवर १२ जीबीचं ३०६० बसत होतं, वर मोठा मॉनिटरही. फक्त ३०६० चा ८ जीबीचाही एक प्रकार आहे. दुकानदार तो स्वस्त सांगेल. खोका नीट वाचून घ्यावा.

*

दुसरी गोष्ट उन्हाची.

ॲपल आपल्या मॅकबुकसाठी वापरायचं तापमान १० ते ३५ अंश असं छापतं. यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. कुलर लावलेल्या खोलीतही दुपारी ३४-३५ असतं आणि वीज गेली की अर्ध्या तासात चाळिशी. म्हणजे आमच्या उन्हाळ्यातली बरी दुपार ही त्यांच्या पट्टीवरची शेवटची रेघ आहे.

यामागचं कारण साधं आहे. कोणताही पंखा चिपला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त चिपची उष्णता खोलीच्या हवेत टाकतो. बंगळुरूच्या एसी खोलीत २२ अंशांवर एखादा लॅपटॉप तपासला आणि त्याची चिप ८५ अंशांवर थांबली, तर आमच्या ३८ अंशांच्या खोलीत तीच चिप शंभरीकडे जाते. तिथे पोचली की स्वतःला वाचवायला ती वेग कमी करते. लॅपटॉप बिघडत नाही, हळू होतो. गेममध्ये ऐन वेळी चित्र अडखळतं आणि एक तासाचं रेंडर दीड तास घेतं.

डेस्कटॉपही त्याच हवेत असतो, पण त्याच्याकडे जागा असते. मोठे पंखे, जाड हीटसिंक, उघडता येणारी बाजू. पुण्यात राहणारा माझा दादा दिवाळीला आणि मेमध्ये त्याचा गेमिंग लॅपटॉप घेऊन येतो. दिवाळीत तो माझ्या मशीनच्या बरोबरीने धावतो. मेमध्ये वीस मिनिटं धावतो आणि मग दम खातो. दादा त्याच्याखाली दोन वाट्या उपड्या ठेवतो.

कुलरबद्दल एक सांगायचंच. विदर्भात कुलर हा घरातला सदस्य आहे, पण त्याचा झोत सरळ कॅबिनेटवर घेऊ नये. ओली हवा, त्यातले पाण्याचे बारीक तुषार आणि पाण्यातला क्षार, हे तिन्ही आत जातात. कॅबिनेट झोताच्या बाजूला ठेवावं. खोली थंड होते ते पुरेसं आहे.

*

तिसरी गोष्ट विजेची, आणि इथे लॅपटॉपची बाजू खरी भक्कम आहे. त्याच्या पोटातच बॅटरी असते. वीज गेली तरी काम तसंच राहतं. डेस्कटॉप टपकन बंद पडतो आणि सेव्ह न केलेलं जातं.

पण गेमिंग लॅपटॉपच्या बॅटरीचं एक गुपित आहे. विमानात परवानगीशिवाय १०० वॉट-तासांपर्यंतचीच बॅटरी नेता येते, म्हणून कंपन्या त्यापुढे सहसा जात नाहीत. असा लॅपटॉप पूर्ण जोरात चालताना दीड-दोनशे वॉट ओढतो. बॅटरी तेवढं देऊ शकत नाही, म्हणून वीज गेली की कार्ड आपोआप फार कमी वॉटवर येतं. टायपिंग, मेल, हिशेब, सिनेमा चालतो. गेम आणि रेंडर नावालाच चालतात. शिवाय वीज गेली की घरातला राउटरही गेलेला असतो.

म्हणजे लॅपटॉपला हवा चार्जर आणि डेस्कटॉपला हवा यूपीएस. माझं मशीन मॉनिटरसकट जोरात चालताना ३०० वॉटच्या आसपास ओढतं. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो, तो काठावर येतो. म्हणून १००० व्हीएचा घेतला. तो आठ-दहा मिनिटं देतो. सेव्ह करून नीट बंद करायला एवढं पुरतं. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे 'यूपीएस' मोडचं बटण आहे का ते बघावं. त्याने वीज बदलण्याचा क्षण इतका लहान होतो की बऱ्याचदा मशीन बंद पडत नाही.

संध्याकाळी व्होल्टेज उतरतं, त्यासाठी एसएमपीएसवरची पट्टी वाचायची. १००-२४० व्होल्ट लिहिलेला एसएमपीएस उतरलेलं व्होल्टेज सहन करतो. स्वस्तातल्यावर २००-२४० लिहिलेलं असतं. दोन्हींत हजार-बाराशेचा फरक पडतो. आमच्याकडे ते पैसे वाचवण्यासारखे नाहीत.

बिलाचंही बघावं लागतं. रोज सहा तास ३०० वॉट म्हणजे महिन्याला ५४ युनिट. लॅपटॉप असता तर त्याच्या निम्मे. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटपर्यंत एक टप्पा आणि १०१ ते ३०० पर्यंत त्याहून महाग दुसरा. पंखे, फ्रिज आणि टीव्हीवर नव्वद युनिट जाळणारं घर डेस्कटॉपमुळे वरच्या टप्प्यात जातं. आमचं गेलं. तो वाढीव पैसा मी देते, आणि तो लग्नाच्या दरात धरते.

*

"बिघडलं त कोन दुरुस्त करते? मले तेवढं सांग." बाबांनी सगळं ऐकून घेतल्यावर विचारलेला हा एकच प्रश्न होता. ट्रॅक्टर असो की मोटरपंप, ते असंच विचारतात.

डेस्कटॉप म्हणजे आठ-नऊ सुट्या वस्तूंची मोळी. एसएमपीएस गेला तर एसएमपीएस बदला. रॅम गेली तर रॅम. दिग्रस, पुसद, दारव्हा, कुठल्याही तालुक्याच्या गावी हे करणारा माणूस सापडतो. लॅपटॉपमध्ये बरंच काही एकाच बोर्डावर डाखलेलं असतं. बोर्ड गेला की यवतमाळ, अमरावती नाहीतर नागपूर, आणि तेवढे दिवस काम बंद. लग्नाच्या हंगामात दहा दिवस मशीन नसणं म्हणजे पुढचं कामही हातचं जाणं.

आणि कापूस. नोव्हेंबर ते जानेवारी भाव बघत आम्ही कापूस घरातच ठेवतो. पुढची खोली छतापर्यंत भरते. त्याचे तंतू हवेत तरंगत असतात, डाळीत सापडतात, दातांत येतात. पंख्याच्या जाळीवर तर वाकळ विणावी तसे बसतात. डेस्कटॉपची जाळी काढून झटकायला दोन मिनिटं लागतात. लॅपटॉपचा तळ उघडायला बारीक स्क्रू, प्लास्टिकचा पातळ तुकडा आणि धाडस लागतं, शिवाय वॉरंटीची धाकधूक. पहिल्या हिवाळ्यात मी दर रविवारी जाळी झटकली.

*

इथपर्यंत हिशेब सरळ डेस्कटॉपकडे झुकत होता. लॅपटॉपच्या बाजूने उरलं होतं एकच कारण: नेता येतो.

दादा फोनवर म्हणाला, "अवं, उद्या पुण्याले याचं काम पडलं त डोक्यावर घेऊन येशीन का?" त्याच्या बाजूने तो बरोबर होता. त्याच्या पीजीत एका खोलीत तिघं. टेबल नाही. पलंग हेच ऑफिस आणि पलंग हेच मैदान. तिथे डेस्कटॉप ठेवणार कुठे?

मग आत्या आली. चहा पिता पिता तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "लॅपटॉप घे वं पोरी. उद्या लग्न झालं का संग नेता येते. ह्या डब्याले कोन नेईन?"

मला राग आला. माझ्या कामाच्या मशीनची निवड माझ्या न ठरलेल्या लग्नावरून का व्हावी? मी तसं बोललेही. आत्या गप्प बसली. नंतर आईने सांगितलं ते मला माहीत नव्हतं. आमच्या घरात खिडकीखाली बिडाच्या पायांचं जुनं शिलाई मशीन आहे, ज्यावर आता टीव्ही असतो. ते आत्याचं आहे. आजोबांनी तिला घेऊन दिलं होतं. लग्नाआधी तीन वर्षं ती गावातल्या बायकांची पोलकी शिवायची, स्वतःच्या पैशांनी एसटीने यवतमाळला जाऊन कापड आणायची. लग्न झालं, भांडी गेली, गादी गेली, कपाट गेलं. मशीन राहिलं. एवढं जड कशाला, असं कोणीतरी म्हणालं. मग तिने कधी शिवलं नाही. तिच्या सासरी शिवणारी बाई बाहेरची येते.

आत्या मला सासरी जा म्हणत नव्हती. नेता येईल असंच काही घे, म्हणजे तुझं राहणार नाही, असं सांगत होती.

त्या रात्री मी बराच विचार केला, आणि निर्णय उलटा झाला. कारण कपाट मशीनपेक्षा जड होतं आणि ते गेलं. बैलबंडीत जागा होती. आत्याचं मशीन वजनामुळे राहिलं नाही. ते न्यायची गोष्ट आहे असं कोणाला वाटलंच नाही, म्हणून राहिलं. लॅपटॉप घेऊन मी वजनाचा प्रश्न सोडवला असता. पण ज्या घरात माझं काम न्यायच्या यादीत नाही, तिथे सव्वादोन किलोचा लॅपटॉपही कपाटात, कपड्यांखाली जाऊ शकतो.

शिवाय माझ्या कामात खरं हलतं काय, हेही मोजून बघितलं. फोरकेत १०० मेगाबिटने एक तास शूट केलं की ४५ जीबी होतात. दोन कॅमेरे, सहा-सहा तास, म्हणजे एका लग्नाचे ५४० जीबी. वीस मेगाबिटच्या वेगाने हे वर चढवायला सलग साठ तास लागतील. म्हणून फोटोग्राफर हार्डडिस्क पाठवतो, मी एडिट करून ती परत पाठवते. माझ्या धंद्यात खिशात मावेल एवढी हार्डडिस्क फिरते. मशीन फिरायची गरजच नाही.

*

यादी अशी होती. प्रोसेसर रायझन ५ ५६००, अकरा हजार. मदरबोर्ड आठ. रॅम १६ जीबी, साडेतीन. एक टेराबाइटची एसएसडी, साडेचार. ३०६०, साडेचोवीस. एसएमपीएस साडेचार, कॅबिनेट साडेतीन, १४४ हर्ट्झचा मॉनिटर नऊ, यूपीएस पाच, कीबोर्ड-माउस दीड. बेरीज ७५ हजार. जुलैमध्ये आणखी १६ जीबी रॅम टाकली. नुसतं झाकण उघडून, क्लिप दाबून.

यादीत नसलेला एक खर्च निघाला: अर्थिंग. आमच्या जुन्या घरात तीन पिनांचे सॉकेट होते, पण तिसरं भोक शोभेचं होतं. अशा घरात कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात. एसएमपीएसमधून झिरपणाऱ्या थोड्याशा विजेला जमिनीत जायला वाट नसते, ती हातातून जाते. वायरमनने अंगणात खड्डा खणायला सांगितला. बाबांनी खणला. तांब्याची पट्टी, आजूबाजूला कोळसा आणि मीठ, वर माती. माती ओली राहिली तरच अर्थिंग काम करतं, म्हणून उन्हाळ्यात त्यात पाणी ओतावं लागतं. बाबा दर आठवड्याला एक बादली ओततात.

मशीन ठेवलं पुढच्या खोलीत, जिथे कापूस होता त्या कोपऱ्यात. कापूस विकला गेल्यावर तोच रिकामा झाला होता. दादाच्या मते ही सगळ्यात चुकीची जागा. येणारा-जाणारा प्रत्येकजण बघतो.

ते खरं आहे. फोनवर खेळायचे तेव्हा कोणाला दिसत नव्हतं. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली तेव्हा गावातली पोरं पारावर सुतकात बसल्यासारखी बसली होती. मीही तेवढीच खेळायचे, पण पांघरुणात, त्यामुळे माझं दुःख कोणाला कळलं नाही. व्हॅलोरंटमध्ये आजही मी माइक बंद ठेवते. बाईचा आवाज ऐकला की समोरच्याला खेळ सोडून बाकी सगळं सुचतं. डेस्कटॉपने निदान घरात तरी हे लपवणं संपवलं. चोवीस इंची स्क्रीन पांघरुणात मावत नाही.

पहिल्या आठवड्यात मी 'राजी' खेळत होते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला, २०२० मध्ये आलेला गेम. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेल्या मुलीची गोष्ट. बाबा मागे येऊन उभे राहिले. "हे काम होय का खेळ?"

"खेळ होय," मी म्हटलं.

"पोरगी कोनाले शोधून रायली?"

"भावाले."

"आपला त पुण्यातच हाय म्हना," बाबा म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

*

आता गावातली, नात्यातली पोरं-पोरी मला विचारतात. मी सगळ्यांना डेस्कटॉप घ्या म्हणत नाही.

पुढच्या सहा महिन्यांत शिकायला बाहेर जाणार असाल, होस्टेलवर किंवा पीजीत राहणार असाल, तर लॅपटॉपच घ्या. तिथे टेबलापेक्षा कुलूप लावता येणं महत्त्वाचं. ऑफिसात कोडिंग किंवा हिशेबाचं काम असेल तर महागडं कार्ड घेऊच नका. साधा, हलका, जास्त बॅटरीचा लॅपटॉप घ्या आणि उरलेले पैसे ठेवा.

बजेट तीस हजारांच्या आत असेल आणि गेम खेळायचेच असतील, तर ऑफिसांतून निघालेले जुने ब्रँडेड डेस्कटॉप बघा. पण त्यांचा एसएमपीएस लहान असतो आणि बऱ्याचदा नेहमीच्या मापाचा नसतो, त्यामुळे मोठं कार्ड त्यात चालत नाही. मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला ७५ वॉटपर्यंत वीज मिळते. तेवढ्यावर चालणारं, वेगळी वायर न लागणारं कार्ड बघा, आणि ते त्या कॅबिनेटच्या उंचीत मावतं का ते मोजा.

काम घरून, जड आणि रोजचं असेल तर डेस्कटॉप. आणि मशीनवर पैसे घालण्याआधी अर्थिंग तपासा.

मुलींनी विचारलं तर एक जास्तीचं सांगते. 'नेता येईल' हे कारण कोणी पुढे केलं तर कुठे न्यायचं, कधी आणि कोणी ठरवलं, हे विचारा. तुम्ही स्वतः ठरवलं असेल तर ते चांगलं कारण आहे. बाकी डेस्कटॉपही हलतो. मॉनिटरचा खोका आणि त्यातलं थर्माकोल मी माळ्यावर जपून ठेवलंय. कार्ड काढून वेगळं बांधायचं, बाकी सगळं एका छोट्या टेम्पोत मावतं.

गेल्या वर्षी एक स्थळ आलं होतं. पाहुणे पुढच्या खोलीतच बसले, कारण बसायची जागा तीच. मुलाच्या काकांनी कोपऱ्यातल्या मशीनकडे बघून विचारलं, हे काय. मी सांगणार तेवढ्यात बाबाच बोलले, "पोरीचं काम हाय. पोरीसंग हा डबा बी येईन. तुमच्या घरी अर्थिंग हाय का?"

ते स्थळ जमलं नाही, कारणं दुसरीच होती. पण त्या दिवशी आत्या आतल्या खोलीत होती. पाहुणे गेल्यावर ती बाहेर आली, शिलाई मशीनवरचा टीव्ही बाजूला कर म्हणाली आणि त्याचं चाक हाताने फिरवून बघितलं. पट्टा तुटला होता. पुढच्या सोमवारी मी दिग्रसच्या बाजारातून नवा आणला.